आधी त्वचा ओळखा, मगच ट्यूब विकत घ्या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. विहारातली महिलांची रविवारची बैठक संपली, बायका चपला घालून निघाल्या, आणि एक मुलगी आपल्या आईबरोबर मागे थांबली. वय एकोणीस-वीस. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली. सगळ्या गेल्यावर तिने ओढणी बाजूला केली. दोन्ही गाल लालबुंद, त्यावर बारीक पुटकुळ्या, गालावरच्या शिरा दिसत होत्या आणि कानाजवळ केसांची दाट लव आली होती.

"सिस्टर, उन्हात गेलं की नुसती आग होते. आणि क्रीम बंद केलं की अजून वाढतं."

तिने पिशवीतून ट्यूब काढली. मेडिकलच्या दुकानातून डॉक्टरची चिठ्ठी न दाखवता घेतलेली. आठ महिने रोज रात्री लावत होती. मावशीच्या मुलीचा चेहरा याच ट्यूबने 'उजळला' होता, आणि हिच्यासाठी घरात स्थळे बघायला सुरुवात झाली होती. "पोरगी गुणाची आहे, पण जरा सावळी आहे," असे कोणीतरी बोलून गेले होते. ते वाक्य तिने मनात ठेवले आणि ट्यूब चेहऱ्यावर.

मी तिला विचारले, "तुझी त्वचा कशी आहे गं? तेलकट की कोरडी?" ती गप्प. आईकडे पाहिले, तीही गप्प. आठ महिन्यांत चार-पाच ट्यूबा संपल्या, पण हा प्रश्न घरात कोणाला पडलाच नव्हता.

हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडत नाही. शेजारणीला जे चालले ते आपण आणतो, टीव्हीवर जे दिसले ते आणतो, पार्लरवाली जे देईल ते लावतो. पैसा जातो, आणि कधी कधी चेहराही जातो. म्हणून या वेळच्या पानावर साबण, क्रीम, लोशन कसे निवडायचे ते सविस्तर सांगते.

'सावळी' हा त्वचेचा प्रकार नाही

आपल्या त्वचेत बारीक तैलग्रंथी असतात. त्या तेल सोडतात. हे तेल आणि त्वचेतला ओलावा मिळून वरचा थर मऊ व अभंग ठेवतात, म्हणजे बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत आणि आतले पाणी उडून जात नाही. कोणाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, कोणाच्या कमी. यावरून त्वचेचा प्रकार ठरतो: सामान्य, तेलकट, कोरडी, मिश्र. यांतली कोणतीही त्वचा लवकर चिडणारी असू शकते, तिला संवेदनशील म्हणतात.

रंगाचा यात काहीही संबंध नाही. रंग ठरतो तो मेलॅनिन नावाच्या द्रव्यावरून. ते जितके जास्त, तितका रंग गडद. हे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावरची ती निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. सावळेपणा हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमने २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. कंपनीने शब्द काढला, आपल्या घरातून तो अजून निघायचा आहे. स्थळ बघायला आलेले पाहुणे रंगाची गोष्ट काढतात तेव्हा ती जन्मावरून माणूस मोजायची जुनीच सवय असते, हे आपल्या घरांत तरी समजावून सांगावे लागू नये.

घरच्या घरी तपासणी

यासाठी एक पैसाही लागत नाही. सकाळी किंवा कामावरून आल्यावर चेहरा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. मऊ कपड्याने टिपून घ्या, घासू नका. मग तासभर काहीही लावू नका, पंख्याखाली बसू नका, चुलीजवळही जाऊ नका. तासाभराने आरशात पाहा, हात लावून पाहा. पातळ कागदाचा किंवा टिश्यू पेपरचा तुकडा कपाळ, नाक, गाल, हनुवटी अशा ठिकाणी वेगवेगळा दाबा.

कागदाला सगळीकडे तेल लागले, चेहरा चमकला, तर त्वचा तेलकट.

कागद कोरडाच राहिला, चेहरा ताणल्यासारखा वाटला, पांढुरकी साल दिसली, तर कोरडी.

कपाळ, नाक, हनुवटी यांना तेल आणि गाल कोरडे, तर मिश्र. अशी त्वचा बऱ्याच जणांची असते.

ना तेल ना ताण, तर सामान्य.

नेहमीच्या साबणानेही चुरचुरते, खाजते, लाल होते, तर संवेदनशील.

ही तपासणी वर्षातून दोन-तीनदा करावी, कारण त्वचा बदलते. वयात येताना तेल वाढते, म्हणून मुला-मुलींना मुरुमे येतात. पाळी जायच्या वयात तेल कमी होते, त्वचा कोरडी पडते. थंडीत कोरडेपणा वाढतो, मुंबईच्या दमट हवेत चेहरा तेलकट वाटतो, तर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओठ फुटतात. पुरुषांनीही ही तपासणी करावी. त्वचा बाईला वेगळी आणि पुरुषाला वेगळी नसते, फक्त डबीवरचा रंग वेगळा असतो.

कोणत्या त्वचेला काय

*तेलकट त्वचा.* दिवसातून दोनदा चेहरा धुवावा. काही जण पाच-सहा वेळा साबण लावतात, त्याने त्वचा वरून सुकते आणि चिडते, मुरुमे मात्र जात नाहीत. घ्यायचे असेल तर पाण्यासारखे पातळ लोशन किंवा जेल घ्या. डबीवर 'ऑइल-फ्री' किंवा 'नॉन-कोमेडोजेनिक' असे लिहिलेले असते, म्हणजे त्वचेची छिद्रे बुजू नयेत अशा बेताने बनवलेले. मुरुमे असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो. चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नका, त्याने छिद्रे बुजतात. मुरूम फोडू नका. आपल्या गडद त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, आणि फोडलेल्या मुरुमाचा डाग जास्त खोल असतो.

*कोरडी त्वचा.* कढत पाण्याने अंघोळ करू नका, कोमट घ्या आणि लवकर आटोपा. रोज सगळ्या अंगाला साबण लागत नाही. काख, जांघा, पाय आणि घाम साचतो त्या जागा पुरेशा आहेत. अंघोळ झाली की अंग टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. अंगावरचे पाणी आतच धरून ठेवायचे काम ते करते. पूर्ण सुकल्यावर लावले तर धरून ठेवायला काही उरत नाही. ग्लिसरीन लावायचे तर पाण्यात मिसळून लावा, नुसते लावले की काही जणांना चुरचुरते. साधी पेट्रोलियम जेली महागड्या क्रीमपेक्षा कमी कामाची नाही. फुटलेल्या टाचांना रात्री पाय भिजवून, पुसून, जेली लावून जुने सुती मोजे घाला.

*मिश्र त्वचा.* दोन डब्या घ्यायची गरज नाही. हलके लोशन घ्या, गालांना दोनदा लावा, नाक-कपाळाला अगदी थोडे.

*सामान्य त्वचा.* तिला सुखाने राहू द्या. सौम्य साबण आणि थंडीत थोडे लोशन, एवढे बस.

*संवेदनशील त्वचा.* वास नसलेली वस्तू घ्या. डबीवर 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेले पाहा. 'अनसेंटेड' म्हणजे तेच असे नाही, त्यात मूळ वास झाकायला दुसरे सुगंधी द्रव्य असू शकते. जितके घटक कमी, तितके चांगले. अशा त्वचेला टिकलीचा गोंद, केसांचा काळा डाय, काळी मेंदी हेही बाधते. टिकलीच्या जागी खाज येऊन पांढरा डाग पडत असेल तर टिकली त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात दाखवा.

साबणाच्या कागदावर काय वाचायचे

साबणाच्या वेष्टनावर 'टी.एफ.एम.' असा आकडा असतो. साबणात तेला-चरबीपासून आलेला माल किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. भारतीय मानकांप्रमाणे अंघोळीच्या साबणाच्या तीन श्रेणी आहेत: पहिल्या श्रेणीत किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६०. वडीवर 'टॉयलेट सोप' ऐवजी 'बेदिंग बार' लिहिले असेल तर तो वेगळा माल. त्यात टी.एफ.एम. ४० टक्के असला तरी चालतो. कोरड्या त्वचेला साधा साबण घ्यायचा तर पहिल्या श्रेणीचा घ्यावा. मात्र काही सौम्य वड्या मुळात साबणच नसतात, वेगळ्या द्रव्यांपासून बनतात. त्यांचा टी.एफ.एम. कमी असूनही त्या त्वचेला मऊ पडतात. म्हणून आकड्याबरोबर स्वतःच्या त्वचेलाही विचारा: धुतल्यावर चेहरा ताणतो का? ताणत असेल तर तो साबण तुमचा नाही.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि चिकट थर अंगावर राहतो. त्यानेही खाज सुटते. अशा पाण्याच्या वस्तीत साबण कमी लावा आणि जास्त धुवा.

इंग्रजीतली बारीक अक्षरे कळत नसतील तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला बसवा. त्यालाही कळेल की वस्तू विकत घेताना आधी वाचायची असते.

ऊन

काळे डाग, गालावरचा वांग, मुरुमांचे डाग हे सगळे उन्हाने वाढतात. परवडत असेल तर सनस्क्रीन घ्या: एस.पी.एफ. ३० किंवा जास्त, आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे लावायचे, उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. तेलकट त्वचेला जेल, कोरडीला क्रीम. नाही परवडले तर अंगभर सुती कपडा, रुंद काठाची टोपी, छत्री, स्कार्फ हे कमी कामाचे नाहीत. दुपारी अकरा ते चार या वेळेत शक्य तितकी सावली धरा. वांग असेल आणि सनस्क्रीन किंवा छत्री नसेल, तर त्यावरचे कोणतेही औषध पुरे पडत नाही, हे लक्षात ठेवा.

हात विसरू नका

त्वचेची निगा म्हटले की सगळे चेहऱ्याचेच बोलतात. माझ्यासमोर येणाऱ्या बायकांचे हात मला चेहऱ्याआधी दिसतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशीचे हात दिवसभर साबणाच्या पाण्यात, फिनेलमध्ये, ॲसिडमध्ये असतात. बोटे फाटतात, बेचक्यांत चिखल्या होतात, मीठ-तिखट लागले की जीव जातो. इथे क्रीमच्या आधी हातमोजे लागतात. रबरी मोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, म्हणजे घाम कुजवत नाही. काम झाले की हात साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि पेट्रोलियम जेली लावा. झोपताना पुन्हा लावा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू छातीला घातक असतो. मोजे मालकिणीकडे मागायला लाजू नका. झाडू-पोछा जसा त्यांच्या घरचा, तसे मोजेही त्यांच्याच घरचे.

बांधकामावर जाणाऱ्यांनी ओल्या सिमेंटशी जपावे. ते त्वचा भाजते, आणि त्यातल्या क्रोमियममुळे हातापायांना कायमची ॲलर्जी जडू शकते. अंगावर उडाले की सुकू न देता लगेच भरपूर पाण्याने धुवा. गमबूट आणि मोजे ठेकेदाराकडे मागा. अशा हातांवर कोणतेही 'ब्युटी क्रीम' चालत नाही, वास नसलेली साधी जेलीच चालते.

हा प्रकार नव्हे, आजार आहे

काही गोष्टी क्रीम बदलून जात नाहीत. त्यांच्यासाठी दुकानात नव्हे, दवाखान्यात जायचे.

गोल चकंदळ, कडा लाल, मध्ये साफ, भयंकर खाज: हे गजकर्ण. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, आणि घरात दोघा-तिघांना एकदम: ही खरूज. तिचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे खाज नाही, घाम नाही आणि स्पर्शही कळत नाही: हा कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, वेळेवर घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो आणि हातापायांत व्यंग येत नाही. अशा चट्ट्यावर क्रीम चोळत बसले तर हातचे महिने निघून जातात.

लाल रेघ आणि बिननावाची डबी

आता त्या मुलीच्या ट्यूबकडे येते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारे, सजवणारे. औषध म्हणजे आजारावर उपचार करणारे. ती ट्यूब औषध होती. तिच्या डाव्या बाजूला लाल उभी रेघ होती. ही रेघ असलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नसते. इंग्रजी येत नसले तरी ही रेघ सगळ्यांना वाचता येते.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यातली नेहमी दिसणारी नावे. अशी मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जात होती म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली त्यांच्यावरचे नियम कडक केले. तरी ती मागितली की मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. काही त्वचारोगांत डॉक्टर थोड्या दिवसांसाठी तेच देतात. पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावले की पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, मुरुमे आणि केस येतात, ऊन सोसत नाही. बंद केले की आग आणि लाली दुपटीने येते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. व्यसनासारखे होते. गजकर्णावर लावले तर खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. आधीच अनेक महिने लावत असाल तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते हळूहळू सोडवतात.

दुसरा धोका बिननावाच्या डबीचा. पार्लरमध्ये किंवा बाजारात चकचकीत डबी मिळते, तिच्यावर कंपनीचा पत्ता नाही, घटक नाहीत, परदेशी भाषेतली अक्षरे. 'आठ दिवसांत गोरेपणा' हीच तिची ओळख. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा मेलॅनिन तयार होणे थांबवतो, म्हणून रंग खरोखर उतरतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड निकामी करू लागतो. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुली अशा क्रीममुळे मूत्रपिंडाच्या आजाराने दवाखान्यात पोहोचल्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा असल्याचे तपासणीत दिसले. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असे रुग्ण एकामागून एक सापडले.

भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला मनाई आहे. म्हणूनच डबीवर त्याचे नाव बहुधा नसते. असलेच तर मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड अशा नावाने असते. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना दिसली तर ती डबी तिथेच ठेवा. असे क्रीम लावणाऱ्या आईच्या अंगावरून, उशीवरून, टॉवेलवरून पारा लेकराच्या अंगातही जातो. क्रीम वापरताना पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजला, लघवीला न मोडणारा फेस आला, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि डबी बरोबर न्या.

घरगुती म्हणजे निर्धोक असेही समजू नका. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेले की त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा मुरुमाभोवतीची त्वचा जाळतात. बेसन किंवा मुलतानी माती तेलकट त्वचेला अधूनमधून चालते, कोरडीला नाही.

विकत घेताना

डबीवर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, मुदत आणि छापील किंमत हवी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. एवढे नसेल तर फुकट दिले तरी घेऊ नका. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. वस्तीतल्या चार-पाच बायकांनी मिळून लेखी दिली तर बरे.

आधी लहान पुडी किंवा लहान ट्यूब घ्या. थोडेसे कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, पाच-सात दिवस लावून पाहा. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला लावा. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा, म्हणजे काही बाधले तर कशाने ते कळते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने डाग घालवायची क्रीमे, विशेषतः रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन असलेली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. तान्ह्या बाळाला सौम्य साबण पुरे. पावडर चेहऱ्याजवळ उडवू नका, ती श्वासातून आत जाते.

खर्चाचे गणित साधे आहे. त्वचेला मानवणारा साबण, ओलावा धरणारी एक वस्तू आणि उन्हापासून आडोसा, या तीन गोष्टी पुरतात. सीरम, टोनर, फेशियल किट यांच्यावाचून कोणाची त्वचा अडत नाही. तो पैसा हातमोज्यांना, छत्रीला, नाहीतर अंड्या-भाजीला जाऊ द्या.

त्या मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेले. डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू सोडवली. पहिले दोन महिने वाईट गेले. ती कॉलेजलाही ओढणी बांधूनच जायची. तिची त्वचा मिश्र निघाली. साधा फेसवॉश, हलके लोशन आणि छत्री, एवढ्यावर ती आता आहे. आग गेली, पुटकुळ्या गेल्या, गालावरच्या काही शिरा मात्र राहिल्या. त्या राहतील असे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले आहे.

गेल्या महिन्यात ती बैठकीला आली तेव्हा तोंडावर ओढणी नव्हती. मावशीच्या मुलीलाही बरोबर घेऊन आली होती. तिची ट्यूब अजून सुरू होती. हिनेच ती पिशवीतून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सिस्टर, हिला ती लाल रेघ दाखवा."